ज्याला बोलता येत नाही त्याला विचारायचं कसं

कुठल्याही लग्नामुंजीत कोणीतरी विचारतंच की हल्ली काय करतेस, मग मी सांगते की लहान मुलं बोलायला कशी शिकतात त्याच्या एका रिसर्च प्रोजेक्टवर आहे, घराघरातली रेकॉर्डिंग्ज ऐकून उतरवून काढायची वगैरे. पुढचं वाक्य ठरलेलं. "अगं त्यात काय शोधायचंय, ऐकून ऐकून शिकतात की!" आधी मी वाद घालायचे, हल्ली गप जिलबी घेते. पण इथे ब्लॉग माझा आहे त्यामुळे सविस्तर लिहिते.

शिकतात हे सगळ्यांनाच माहितीये. प्रश्न हा की आपल्याला ते कळणार कसं. मोठ्या माणसाला विचारता येतं की बाबा रे हे वाक्य तुला बरोबर वाटतंय का, तो विचार करून सांगतो. दोन वर्षांच्या पोराला विचारून बघा. हार्वर्डचे रॉजर ब्राउन, या विषयातलं फार मोठं नाव, त्यांच्या टीमने एका मुलाला खरंच विचारलं होतं की बरोबर काय, "टू शूज" का "टू शू", तर त्या पठ्ठ्याने जोरात उत्तर दिलं, "पॉप गोज द वीझल!" संपला इंटरव्ह्यू. म्हणजे सरळ विचारायची सोयच नाही, सगळं आडून काढायचं. आणि माझं या कामात बनलेलं मत असं की आडून विचारायची जी पद्धत तुम्ही निवडता तेवढंच मूल तुम्हाला दिसतं, बाकीचं दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे नाहीच असं लोक लिहून मोकळे होतात.

सगळ्यात जुनी पद्धत भयानकच होती. मुलांना भाषेपासून तोडायचं आणि काय होतं ते बघायचं. इजिप्तच्या कुणा राजाची अशी गोष्ट हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने सांगितलीये, आणि आपल्याकडे अकबराने १५८० च्या आसपास आग्र्याजवळ काही तान्ही मुलं अशा घरात ठेवली की जिथल्या दायांनी एक शब्द बोलायचा नाही. त्या घराला लोक गुंग महाल, म्हणजे मुक्यांचा महाल, म्हणायला लागले. काही वर्षांनी बघितलं तर मुलं काहीच बोलत नव्हती. बादशहाच्या हौसेपायी! आज कुठलीही एथिक्स कमिटी असला फॉर्म बघूनच फाडेल.

मग डायरीवाले आले. यातलं प्रसिद्ध नाव चार्ल्स डार्विन, हो तोच. त्याने स्वतःच्या मुलाच्या नोंदी ठेवल्या आणि मुलगा पार सदतिशी गाठल्यावर १८७७ मध्ये त्या छापल्या. त्यात आहे की बरोबर एक वर्षाचा असताना पोराने खाण्यासाठी शब्द काढला, "मम". मराठी घरातली कुठलीही आजी म्हणेल, त्यात काय काढला, मंमंच की! पण मजा पुढे आहे. साखरेला तो म्हणायला लागला "शू-मम", आणि "ब्लॅक" शब्द शिकल्यावर ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळीला "ब्लॅक-शू-मम". तीन तुकडे स्वतःच्या डोक्याने जोडले की त्याने. हे कुठल्याही प्रयोगशाळेत मिळालं नसतं, चोवीस तास सोबत राहणारा बापच ते पकडू शकतो. जर्मनीत क्लारा आणि विल्यम स्टर्न या जोडप्याने तीन मुलांच्या डायऱ्या वर्षानुवर्षं लिहिल्या आणि १९०७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. डायरीची अडचण अशी की आईबाप नवलाचं तेवढंच लिहितात. पोरगं दिवसात शंभर वेळा "दे" म्हणालं ते कोणी लिहीत नाही, एकदा "चंद्र पडला" म्हणालं की लगेच वहीत, स्टेटसला, फॅमिली ग्रुपवर. डायरी वाचली तर वाटतं प्रत्येक मूल कवी आहे.

म्हणून १९६२ मध्ये ब्राउन आणि त्यांचे विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन घरी जायला लागले. तीन मुलं, नावं बदललेली, अ‍ॅडम, ईव्ह आणि सारा. ईव्ह दीड वर्षाची, बाकी दोघं सव्वादोनची. महिन्याला निदान दोन तासांचं बोलणं जमा करायचं, तेसुद्धा मूल जे काय बोलेल ते, शिकवलेलं नाही. ईव्हचं कुटुंब गाव सोडून गेलं म्हणून तिचं नऊएक महिन्यातच आटपलं, म्हणजे अख्ख्या शास्त्राच्या पायातल्या तीन दगडांपैकी एक बदली झाल्यामुळे निघून गेला, असो. १९७३ ला ब्राउननी त्यावर पुस्तक लिहिलं. इंग्रजीतले चौदा बारके प्रत्यय आणि शब्द घेऊन दाखवलं की तिन्ही मुलं वेगवेगळ्या वेगाने पण जवळपास त्याच क्रमाने ते शिकली, आणि तो क्रम आईबाप काय जास्त वेळा बोलतात त्यावरून लागत नाही. "ऐकून ऐकून शिकतात" वाल्यांनी हे वाक्य परत वाचावं.

याच रेकॉर्डिंगमधून अजून एक निघालं ते मला फार आवडतं. आईबाप व्याकरण सुधारत नाहीत, खरंखोटं सुधारतात. ईव्ह आईकडे बघून "ही अ गर्ल" म्हणाली, व्याकरण साफ चुकलेलं, आई म्हणाली बरोबर! आणि टीव्हीवरचा कार्यक्रम कुठल्या वारी लागतो ते एखादं मूल अगदी शुद्ध वाक्यात पण चुकीचं सांगतं तेव्हा मात्र लगेच "नाही गं". आपल्याकडे बघा, पोरगं म्हणालं "मी करलं" की कोणी थांबवत नाही, "हो का, शाब्बास" म्हणतात, आणि त्याने न करता "मी केलं" म्हटलं की मग बघा.

ब्राउनचं माप म्हणजे एमएलयू, मुलाच्या एका बोलण्यात सरासरी किती तुकडे असतात ते मोजायचं. तुकडे म्हणजे शब्द नाहीत, अर्थ असलेले छोट्यात छोटे भाग, म्हणजे "डॉग्ज" मध्ये दोन. इंग्रजीत हे बरं चालतं. मराठीत घेऊन बसा म्हणजे कळेल. "मला पाणी दे" मध्ये किती? "मला" एक धरायचा का दोन? मोठ्यांच्या व्याकरणात तिथे "ला" आहे, पण मुलासाठी तो अखंड "मला" असेल तर? "आला" मध्ये येणं आहे, भूतकाळ आहे आणि पुल्लिंगी एकवचन पण आहे, आणि पोरगं तर बाबा येवो नाहीतर आई, "आला"च म्हणतंय. "घरातल्यांना" सारखा शब्द एखाद्या साडेतीन वर्षांच्या मुलीने टाकला की ट्रान्स्क्राइब करणाऱ्याची दुपार गेली. प्रत्येक प्रोजेक्ट आपले नियम करतो, त्यामुळे या प्रोजेक्टमधलं मराठी मूल त्या प्रोजेक्टमधल्या इंग्रजी मुलाच्या पुढे का मागे हे त्या आकड्यावरून ठरवताच येत नाही, तरी लोक ठरवतात. बरेच जण आता सरळ शब्दच मोजतात, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आता माझं रोजचं काम सांगते कारण पेपरमध्ये ते एका ओळीत उरकलेलं असतं, "रेकॉर्डिंग्ज ट्रान्स्क्राइब केली". एक तास उतरवायला आठ-दहा तास सहज जातात, घरात मिक्सर असेल तर विचारू नका. समजा स्वयंपाकघर आहे, कुकरची शिट्टी होतेय, आणि पावणेदोन वर्षांचा मुलगा म्हणतो "आई पाई". लगेच आजी म्हणते पाणी मागतोय गं. आई म्हणते अहो नाही, पायाला काहीतरी लागलंय. पोरगं परत "पाई". तिसऱ्यांदा "पाई" म्हणतं तेव्हा आई पेला देते आणि ते गप्प होतं. तर मी काय लिहू? पाणी? पेला मिळाला म्हणून गप्प झालं का पेला चकचकीत होता म्हणून? "पाहिजे" असेल तर? त्या वयात "पाहिजे" चं "पाई" होणं अगदी शक्य आहे. मोठ्यांनी लावलेला अर्थ मुलाच्या खात्यावर जमा करायचा मोह फार होतो, आणि तो तुम्ही दर पानाला करत गेलात तर शेवटी तुमच्या डेटात मुलाची भाषा कमी आणि आजीची जास्त.

यासाठी जगभर एक ठरलेली लिहायची पद्धत आहे, चॅट म्हणतात तिला, व्हॉट्सअ‍ॅपशी संबंध नाही. १९८४ मध्ये ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी चाइल्ड्स नावाचा साठा सुरू केला, की ज्याच्या त्याच्या कपाटात पडून असलेली मुलांची रेकॉर्डिंग्ज सगळ्यांनी एका ठिकाणी, एकाच पद्धतीने लिहून ठेवायची. मूल बोललं तर ओळीच्या सुरुवातीला त्याची खूण, आई बोलली तर आईची, आणि कळलंच नाही तर तीनदा एक्स. माझ्या मते त्या अख्ख्या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं चिन्ह ते तीन एक्स आहेत. नवीन आलेल्या पोरापोरींना तेच लिहायला जिवावर येतं, वाटतं आपल्याला ऐकू आलं नाही असं दिसेल. "पाई" ला मी आवाज जसाच्या तसा लिहिते आणि खाली टीप देते की पेला मिळाल्यावर थांबला. बस्स. अर्थ ज्याला लावायचा त्याने लावावा.

अजून एक गंमत म्हणजे रेकॉर्डर चालू झाला की आया मास्तरीण होतात. एरवी "चल उठ, पसारा आवर" म्हणणारी आई एकदम गोड आवाजात "हा कुठला कलर आहे बेटा? रेड का ब्ल्यू?" चालू करते. निम्मी मराठी घरं तर रेकॉर्डिंग म्हटलं की इंग्रजीतच शिरतात. त्यामुळे पहिली काही मिनिटं कोणी फारशी मोजत नाही, खरं बोलणं दूधवाला आला, भाजी करपली की सुरू होतं.

पण रेकॉर्डिंगमधून एक गोष्ट कधीच कळत नाही. मुलगी "आंबे" म्हणाली, तर तिला आंबा-आंबे हा नियम कळलाय का नुसता "आंबे" हा शब्द ऐकलेला आठवतोय? याच्यावर जीन बर्को यांनी १९५८ मध्ये असा काही साधा उपाय काढला की हसू येतं. जगात नसलेला शब्द द्यायचा. चिमणीसारखं दिसणारं एक चित्र स्वतःच काढलं, हा वग. आता दोन आहेत, हे दोन...? चार ते सात वर्षांची मुलं "वग्ज" म्हणाली. हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला असणं शक्यच नाही, म्हणजे नियम डोक्यात आहे. आणि त्यातच हेही दिसलं की "ग्लास" चं "ग्लासेस" बिनचूक सांगणारी बरीच मुलं "टास" या खोट्या शब्दाला नुसतं "टास" म्हणूनच थांबली, म्हणजे "ग्लासेस" हा पाठ केलेला माल होता.

हे मराठीत करून बघायचा मोह कोणाला होणार नाही? शेजारची साडेचार वर्षांची एक मुलगी आमच्याकडे येते, तिला चित्रं काढून दिली. हा टिंगा. आता अजून एक आला. हे दोन...? "टिंगे". पटकन. ही फुबी, आता या दोन...? "फुब्या". वा. हे डोमकं, ही दोन...? इथे ती थांबली, चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, "दोन डोमकं आहेत, पण यांची आई कुठेय?" आता "डोमकी" यायला हवं होतं असं म्हणून तिला नपुंसकलिंगाचं अनेकवचन येत नाही असं लिहू? का तिला कंटाळा आला होता? का तिच्या घरात तसंच बोलतात? आणि खरी गोची पुढेच आहे. समजा मी म्हटलं, हा झोपट. हे दोन...? बरोबर उत्तर "झोपट"च, कारण एक उंदीर दोन उंदीर, एक दगड दोन दगड. मग ती "झोपट" म्हणाली तर नियम येतो म्हणून म्हणाली का माझंच ऐकून परत म्हणाली, हे कळायला काही मार्गच नाही. इंग्रजीत ही अडचण बर्कोबाईंना कधी आली नसेल. टेस्टचं नुसतं भाषांतर करून चालत नाही ते यासाठी, प्रत्येक भाषेत सापळा वेगळ्या ठिकाणी लावावा लागतो. आपल्याकडे त्याच झोपटला विभक्ती लावायला सांगायची, "हा खाऊ कोणाला द्यायचा?", मग "झोपटाला" आलं की कळतं की पोरीच्या डोक्यात नुसता पोपट बसलेला नाही.

हे सगळं बोलणाऱ्या मुलांचं झालं. चार महिन्यांच्या बाळाचं काय? ते तर फक्त चोखतं, बघतं, मान वळवतं आणि रडतं. तर त्यालाच उत्तर मानायचं! १९७१ मध्ये पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांना तोंडात चोखणी दिली, तिला तार जोडलेली. बाळ जोरात चोखेल तसा "बा" "बा" आवाज येणार. थोड्या वेळाने बाळाला कंटाळा येतो, चोखणं मंदावतं. मग आवाज बदलून "पा" करायचा. चोखण्याचा जोर परत वाढला म्हणजे बाळाला फरक कळला. वाढला! पण "बा" च्याच दोन वेगळ्या छटा दिल्या तर वाढत नाही, फरक आवाजात तितकाच मोजून दिलेला असला तरी. म्हणजे महिन्याचं बाळसुद्धा आवाजांचे कप्पे करून ऐकतं.

आणि आता जो प्रयोग सांगणार आहे तो प्रत्येक मराठी माणसाला माहिती असायला पाहिजे असं माझं मत आहे कारण त्यातला हिरो आपला ट आणि त आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये तो छापला. हिंदीतला दंत्य त आणि मूर्धन्य ट, इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना यातला फरक ऐकूच येत नाही, ऑफिसमध्ये एखाद्या अमेरिकनाला "टाटा" आणि "ताता" म्हणून दाखवा, तो तुमच्याकडे बघत बसेल. त्यांनी इंग्रजी घरातली बाळं घेतली. बाळ आईच्या मांडीवर, समोर एक बाई खेळणं हलवत बसलेली, बाजूला स्पीकरमधून त, त, त, त चालू. मधेच ट झाला की बाजूच्या काळ्या काचेच्या पेटीत दिवा लागतो आणि आतलं खेळण्यातलं जनावर ढोल बडवायला लागतं. बाळाला कळतं की आवाज बदलला की तिकडे बघायचं, गंमत असते. मग ते दिवा लागायच्या आधीच मान वळवायला लागतं, आणि तीच मान म्हणजे उत्तर. आईच्या कानाला हेडफोन, त्यात गाणी, आणि समोरच्या बाईलासुद्धा हेडफोन, का तर आईला आवाज बदललेला कळला आणि तिने नकळत मांडी हलवली तरी बाळ तिकडे बघेल.

निकाल असा आला की सहा ते आठ महिन्यांची इंग्रजी घरातली बाळं ट आणि त झकास ओळखतात. दहा ते बारा महिन्यांची ओळखत नाहीत, जवळपास संपलेलं. हिंदी घरातल्या अकरा-बारा महिन्यांच्या बाळांना मात्र छान येतं. एक वर्ष पूर्ण व्हायच्या आत, पहिला शब्द जेमतेम निघतोय तोवर, बाळाने ठरवलेलं असतं की आपल्या घरात कुठला फरक कामाचा आहे आणि कुठल्याकडे लक्ष द्यायचं नाही. ऐकून ऐकून शिकतात खरं, पण पहिल्या वर्षात ऐकून ऐकून बऱ्याच गोष्टी ऐकायच्या सोडतात हे जास्त खरं. मला स्वतःला हे ल-ळ आणि न-ण वर कोणीतरी मराठी बाळांवर करून बघावं असं फार वाटतं, कारण हल्ली मोठेच "बाळ" ला "बाल" म्हणतात, तिथे बाळ काय ओळखणार.

या बाळांच्या लॅबमधली कोणी न सांगणारी गोष्ट म्हणजे रडणं. बोलावलेल्या बाळांपैकी बरीच मधेच रडतात, झोपतात, शी करतात, आणि त्यांचा डेटा बाद. उरतात ती शांत, समंजस बाळं. शिवाय एका लॅबला वीस-पंचवीस बाळं मिळाली तरी डोक्यावरून पाणी. त्यामुळे २०२० मध्ये मेनीबेबीज नावाखाली ६७ लॅबनी मिळून एकच प्रयोग केला, दोन हजारांवर बाळं, प्रश्न एवढाच की बाळांना आपण लाडात बोलतो ते जास्त आवडतं का साधं. लाडातलं आवडतं, निघालं. पण कुठल्या पद्धतीने मोजलं त्यावर ती आवड कमीजास्त निघाली, मान वळवण्याच्या पद्धतीत ठळक आणि बाकीच्यात फिकी. बाळांची आवड एकच, मोजपट्टी बदलली की आकडा बदलतो. म्हटलं ना.

आईबापांना फॉर्म भरायला लावायची पण एक पद्धत आहे, सीडीआय, शब्दांची लांबलचक यादी आणि समोर टिक करायचं, कळतो का आणि बोलतो का. स्वस्त आणि बऱ्यापैकी चालणारी. फक्त मराठी घरात फॉर्म कोण भरतंय त्यावर बरंच ठरतं, आजीने भरला तर नातू वर्षाचा असून त्याला सगळं कळतं.

आता भांडणाचा विषय. १९९५ मध्ये हार्ट आणि रिस्ली यांनी कॅन्ससमधल्या ४२ कुटुंबांत महिन्यातून एक तास, जवळपास अडीच वर्षं रेकॉर्डिंग करून हिशोब मांडला की गरीब घरातली मुलं शाळेत जायच्या आधीच सुखवस्तू मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतात. हा आकडा जगभर गेला, सरकारी योजना निघाल्या, पालकांना लेक्चरं झाली. पण त्या ४२ मध्ये सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं किती होती? सहा. आणि शब्द कुठले मोजले? मुलाला उद्देशून बोललेले. २०१९ मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी आजूबाजूला बसलेल्या सगळ्यांचं, मुलाच्या कानावर पडणारं बोलणंही मोजलं तर तो फरक तसा राहिला नाही, गरीब वस्त्यांमध्येसुद्धा आपसात खूप फरक निघाला. यावर अजून वाद आहे. आजूबाजूचं नुसतं कानावर पडणारं बोलणं मुलाच्या उपयोगाचं किती, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर सोपं नाही. पण ज्या घरात सहा माणसं, दोन शेजारणी आणि टीव्ही एकाच वेळी चालू असतो तिथे फक्त "आईने मुलाला उद्देशून बोललेले शब्द" मोजणं म्हणजे काय मोजणं आहे, मला तरी पटत नाही.

एलिनॉर ऑक्स आणि बांबी शीफेलिन या मानववंशशास्त्रज्ञ बायकांनी १९८४ मध्येच लिहून ठेवलंय की सगळीकडच्या आया बाळाशी एकाच पद्धतीने बोलत नाहीत. शीफेलिनबाई पापुआ न्यू गिनीत कलुली लोकांत राहिल्या. तिथल्या आया तान्ह्या बाळाशी समोरासमोर गप्पा मारत नाहीत, बाळाचं तोंड बाहेरच्या लोकांकडे करून धरतात आणि आवाज बारीक करून बाळाच्या वतीने बोलतात. हे वाचून मी हसलेच, कारण आमच्या रेकॉर्डिंगमध्ये दर दुसऱ्या घरात एक आत्या येते, आणि आई मांडीवरच्या बाळाच्या आवाजात म्हणते, "आम्ही नाही बाई बोलणाल, आत्याने खाऊ नाही आणला." पुढे कलुली आया मूल बोलायला लागलं की त्याला काय बोलायचं ते सांगतात आणि "असं म्हण" म्हणतात. आणि आपण? "म्हण, काका या. म्हण, बसा. म्हण, चहा घेणार का?" ही ओळ मी इतक्या वेळा टाइप केलीये की कीबोर्डला पाठ झाली असेल. पण चॅटमध्ये "म्हण, काका या" हे वाक्य कोणाला उद्देशून धरायचं? मुलाला, का काकांना? इंग्रजी आई-मूल डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कोडिंग शीटमध्ये याला रकानाच नाही.

मग तंत्रज्ञान आलं. मुलाच्या जाकिटाच्या खिशात ठेवायचा लेना नावाचा रेकॉर्डर, सोळा तास चालतो आणि त्याचं सॉफ्टवेअर शब्द आपोआप मोजतं. एमआयटीचे डेब रॉय यांनी २००५ मध्ये मुलगा झाला तेव्हा घराच्या छतात ११ कॅमेरे आणि १४ माइक बसवले आणि पहिली काही वर्षं अख्खं घर रेकॉर्ड केलं, "गागा" पासून "वॉटर" पर्यंतचा प्रवास त्यात ऐकू येतो. नंतर शास्त्रज्ञांच्या तीन घरांतल्या बाळांच्या डोक्यावरच कॅमेरा लावला, सहा ते बत्तीस महिन्यांची होईपर्यंत, आठवड्याला साधारण दोन तास, आणि २०२४ मध्ये त्यातल्या एकाच मुलाच्या ६१ तासांवर एक एआय मॉडेल शिकवलं तर ते काही वस्तूंची नावं ओळखायला लागलं. भारीच आहे. पण तुमच्या घरात ११ कॅमेरे लावाल? आमच्याकडे महिन्याला दोन तासांचा रेकॉर्डर लावायला सासूबाईंची परवानगी मिळत नाही. आणि त्यांचं बरोबरच आहे, कारण रेकॉर्डिंगमध्ये मुलापेक्षा जास्त घर येतं. पगार, हप्ते, नणंदेचं लग्न, कामवाल्या मावशींचं घरचं रडगाणं, आणि मावशींना तर कोणी सहीही विचारलेली नसते. माझ्या मते संमतीच्या फॉर्मवर घरात येणाऱ्या प्रत्येकाची सही हवी आणि नंतर "हा तुकडा पुसा" म्हणायचा हक्क हवा, आम्ही तसं करतो, वेळ जातो पण झोप लागते.

एवढं सगळं सांगून मराठीचं काय? २०२२ मध्ये किड आणि गार्सिया यांनी या विषयाच्या चार मोठ्या जर्नलमधले पंचेचाळीसएक वर्षांचे लेख चाळले, जगात सातेक हजार भाषा, अभ्यास झालेल्या १०३, त्यातही इंग्रजीचाच ढीग. आपली सुरुवात खरं तर वाईट नव्हती. १९६४ मध्ये पुण्याच्या भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी मराठी आया-आज्या बाळांशी कसं बोलतात त्यावर "वर्ड" या जर्नलमध्ये लेख लिहिला होता, तेच जर्नल जिथे बर्कोबाईंचा वग आला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसनने सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना केली त्यात मराठी आहे. मंमं, भुर्र, काऊचिऊ, हम्मा यांना साठ वर्षांपूर्वी मान मिळालेला आहे! पण मोठी माणसं बाळाशी काय बोलतात हे झालं, बाळ काय बोलतं याचा उघडा, कोणालाही वापरता येईल असा मोठा मराठी साठा हवा, आणि तो नुसता पुण्यातल्या फ्लॅटमधला नको, चंदगडचा हवा, नंदुरबारचा हवा, डोंबिवलीच्या पाळणाघरातला हवा.

एकच प्रश्न घ्या जो इंग्रजीवाल्यांना पडणारच नाही. दिवसभर आई आणि आजीबरोबर असणारा मुलगा "मी" बरोबर क्रियापद कुठलं ऐकतो? "मी जाते", "मी करते", "मी आले". बाबा रात्री आठला येतात. तरी बहुतेक मुलगे पुढे "मी जातो" म्हणायला लागतात. कधी? कोणाचं ऐकून? मधे दोन्ही वापरतात का, आणि वापरत असतील तर "मी जाते" आईशी बोलताना जास्त येतं का? कोणी हसल्यामुळे बदलतं का? डायरी लिहिली तर फक्त गमतीचे किस्से मिळतील. महिन्याला दोन तास रेकॉर्ड केलं तर मुलगा "मी" ने सुरू होणारी वाक्यं किती बोलेल, मोजून दहा-पंधरा, त्यावर काय ठरणार. खिशातला रेकॉर्डर शब्द मोजेल पण "जातो" का "जाते" हे त्याला मराठीत कळणार नाही. बाहुल्या घेऊन प्रयोग केला, की मुलगा बाहुला काय म्हणेल सांग, तर तो बाहुल्याचं लिंग सांगेल, स्वतःचं नाही. म्हणजे दाट रेकॉर्डिंग हवं, आठवड्याला पाच-सहा तास, मूल दोन ते तीन वर्षांचं असताना, आणि घरात "मी" कोण किती वेळा म्हणतं त्याचा हिशोब समांतर.

कोणाच्या घरी या वयाचा मुलगा असेल आणि वही ठेवायची तयारी असेल तर ठेवा. वाक्य जसं ऐकलं तसं लिहा, शुद्ध करू नका, तारीख आणि वय घाला, त्याच्या आधी कोण काय बोललं ते घाला, आणि नुसतं "मी जाते" लिहू नका, "मी जातो" म्हणाला तेही लिहा.